उताराला सामोरे जाताना

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

थंडी सुरू झाली की पुणे, मुंबई, नाशिककडचे कितीतरी डोंगरवेडे लोक सह्याद्रीच्या वाटा काही दिवस बाजूला ठेवून हिमालयाकडे निघतात, आणि त्यांतल्या काहींच्या मनात बर्फावरून घसरत जाण्याची कला, म्हणजे स्कीइंग किंवा स्नोबोर्डिंग, एकदा तरी शिकून पाहावी अशी इच्छा असते. आज मला त्यांच्याशी बोलायचे आहे. मी स्वतः वीस वर्षे किल्ले पायाखाली घातल्यानंतर, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी गुलमर्गला स्की शिकायला गेलो, आणि सह्याद्रीने पायांना लावलेली एक अतिशय मोलाची सवय तिथे आड येते, हे मला पहिल्याच सकाळी कळले.

घसाऱ्याची वाट ज्यांनी उतरली आहे त्यांना ही सवय वेगळी सांगायला नको. पायाखालचा मुरूम सुटू लागला की आपण अंग डोंगराकडे टाकतो, टाच रोवतो, वेळ पडली तर खाली बसून एक हात मागे टेकतो, आणि असे केल्यामुळेच आपण सुखरूप खाली येतो. स्कीवर, म्हणजे बुटांना बांधलेल्या दोन लांब पट्ट्यांवर, नेमके हेच केले की माणूस पडतो. अंग मागे गेले की स्कीच्या पुढच्या भागावरचा भार नाहीसा होतो; तो भाग बर्फाला धरत नाही, वळायला तयार होत नाही, आणि स्की पायांखालून पुढे पळतात. ज्या क्षणी भीतीने मागे रेलावेसे वाटते, त्याच क्षणी अंग दरीच्या दिशेने पुढे न्यायचे असते. नवशिक्याचा पहिला आठवडा मुख्यतः शरीराला ही एक गोष्ट पटवून देण्यात जातो.

मला ती पटवून दिली गुलमर्गखालच्या तंगमर्ग गावच्या एका प्रशिक्षकाने. स्कीचे बूट टणक प्लास्टिकचे असतात. त्यांत घोटा बाजूला हलत नाही आणि पुढच्या बाजूला नडगीशी एक जाड जीभ असते. प्रशिक्षकाने माझ्या बुटाचे वरचे बक्कल सैल केले, दहा रुपयांची एक नोट घडी करून नडगी आणि त्या जिभेच्या मध्ये ठेवली आणि म्हणाला, ‘‘नोट गिरनी नहीं चाहिए.’’ मी जेमतेम पंधरा पावलांचा उतार उतरलो असेन, तेवढ्यात नोट बर्फावर पडलेली होती. त्याने ती उचलून पुन्हा ठेवली, आणि ती पुन्हा पडली. गुडघे आणि घोटे वाकवून नडगीने जिभेवर सतत दाब ठेवायचा, हात समोर, दोन्ही डोळ्यांना दिसतील असे ठेवायचे आणि नजर पायांकडे न ठेवता जिथे जायचे आहे तिथे ठेवायची, एवढे जमायला मला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी ती नोट ओली आणि चुरगळलेली, पण जागच्या जागी निघाली.

थांबणे मात्र पहिल्याच दिवशी आले पाहिजे. त्यासाठी दोन्ही स्कींची टोके एकमेकांच्या जवळ, मूठभर अंतरावर आणायची आणि मागच्या टाचा बाहेर ढकलायच्या, म्हणजे वरून पाहिले तर दोन स्कींचा पाचरीसारखा आकार दिसतो. स्कींच्या आतल्या कडांच्या धारा बर्फाला घासतात आणि वेग कमी होतो. पाचर जितकी रुंद, तितका अडसर जास्त. याच आकारात उजव्या पायावर भार टाकला की माणूस डावीकडे वळतो आणि डाव्या पायावर टाकला की उजवीकडे. हे ऐकताना उलटे वाटते, पण बर्फावर दोन-चार वेळा करून पाहिले की पायांना आपोआप समजते. वळत वळत उताराला आडवे झाले की वेग स्वतःहून मंदावतो, आणि त्यामुळे वळण हाच खरा ब्रेक आहे, हे पुढे ध्यानात येते.

पडणे अटळ आहे. तोल पूर्ण गेला असेल तर हट्टाने सावरू नये, बाजूला, नितंबावर बसावे. उठताना आधी दोन्ही स्की शरीराच्या खालच्या बाजूला आणि उताराला आडव्या आणाव्यात, कारण त्या उताराच्या दिशेने राहिल्या तर अर्धे उठण्याच्या आतच माणूस पुन्हा चालू लागतो. जोरात पडल्यावर बूट स्कीपासून सुटावा, म्हणून बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, ताण वजन, उंची, वय आणि कौशल्य पाहून ठरवलेला असतो. भाड्याच्या दुकानात आपले वजन खरे सांगावे आणि आपण नवशिके आहोत हेही स्पष्ट सांगावे; संकोचाने दिलेली चुकीची माहिती गुडघ्याला भोवते.

साहित्य विकत घेऊ नये, तिथेच भाड्याने घ्यावे. नवशिक्याची स्की साधारण हनुवटीच्या उंचीची असावी. बुटाच्या बाबतीत मात्र चोखंदळ व्हावे. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे किंचित टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर ती मागे आली पाहिजेत. चालायला सोयीचे म्हणून मी पहिल्या दिवशी ऐसपैस बूट घेतले, आणि संध्याकाळपर्यंत अंगठ्याचे नख काळे पडले होते. लोकरी मोजे एकच जोडी घालावेत. दोन जोड्यांनी ऊब वाढत नाही, रक्तप्रवाह तेवढा आवळला जातो. सुती कपडे आणि जीन्स पुण्यालाच ठेवावेत, कारण ओले झाले की ते अंगातली ऊब शोषून घेतात. हेल्मेट, जलरोधक हातमोजे आणि गॉगल यांत काटकसर करू नये. ताजा बर्फ सूर्याची बहुतेक अतिनील किरणे परत फेकतो, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही सनस्क्रीन लावावे लागते.

आता स्नोबोर्डकडे वळतो. दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे बांधलेले, हातात काठ्या नाहीत, आणि पडल्यावर पाय सुटत नाहीत. या फळीला दोन धारा असतात, एक टाचेची आणि दुसरी चवड्याची. उताराकडे तोंड करून टाचेच्या धारेवर सरकत खाली येणे, मग डोंगराकडे तोंड करून चवड्यावर तेच करणे, त्यानंतर त्याच धारेवर राहून गळणाऱ्या पानासारखे डावीकडून उजवीकडे झुलत उतरणे, आणि अगदी शेवटी एका धारेवरून दुसरीवर जाणे, हा शिकण्याचा क्रम आहे. डोंगराकडची धार नेहमी रुतलेली हवी, कारण दरीकडची धार चुकून बर्फात अडकली की माणूस क्षणार्धात आपटतो. तेव्हा हात टेकण्याची ऊर्मी होते आणि नवशिक्यांची मनगटे अशीच मोडतात. पुढे पडताना मुठी मिटून गुडघे आणि कोपरापुढचा हात टेकावा, मागे पडताना बसून पाठीवर लोळावे, आणि मनगटाचे संरक्षक आवर्जून घालावेत. स्नोबोर्डचे पहिले दोन-तीन दिवस कष्टाचे जातात आणि नंतर प्रगती झपाट्याने होते. स्कीचे उलट आहे, सुरुवात सोपी असते आणि सफाई यायला वर्षे लागतात. ज्यांच्याकडे एकाच आठवड्याची सुट्टी आहे त्यांनी स्की घ्यावी, असे माझे मत आहे.

गुलमर्गचे मैदान सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या 1,646 मीटर उंचीच्या शिखरापेक्षा हजार मीटर वर, त्यामुळे पहिल्या दिवशी धाप लागली तर घाबरू नये, पाणी पीत राहावे. इथला गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारा पाळणा, दोन टप्प्यांत जातो. पहिला टप्पा कोंगदूरीला पोहोचतो आणि दुसरा अफरवट डोंगराच्या धारेवर, सुमारे 3,950 मीटर उंचीवर. पर्यटक म्हणून जरूर वर जावे, पण स्की घेऊन जाऊ नये. अफरवटचे उतार दाबून तयार केलेले नाहीत, तिथे हिमस्खलने होतात आणि ताजा भुसभुशीत बर्फ नवशिक्याच्या पायांचे मुळीच ऐकत नाही. आपली शाळा खाली, हॉटेलांजवळच्या सौम्य, दाबलेल्या उतारावर आहे. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू म्हणून उतरलेला आरिफ खान याच परिसरात, लहानपणापासून गुलमर्गच्या बर्फावर घडला.

उतारावर माणसे असतात, तेव्हा एक नियम कधीही विसरू नये: आपल्या खाली जो आहे त्याचा हक्क पहिला, त्याला चुकवण्याची जबाबदारी वरून येणाऱ्याची. थांबायचे झाल्यास कडेला थांबावे, आणि वरून न दिसणाऱ्या जागी, चढाच्या आड तर कधीच थांबू नये.

शिकण्यासाठी एखाद्या संस्थेचा वर्ग सर्वांत उत्तम. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था गुलमर्गला आहे, मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचे स्कीचे वर्ग सोलंग खोऱ्यात भरतात, आणि उत्तराखंडात औलीलाही शिकवले जाते. मित्राकडून शिकण्याच्या फंदात पडू नये. ज्याला येते त्याला आपण कुठे अडतो ते दिसतेच असे नाही. काश्मीरमधला चिल्लई कलान, म्हणजे 21 डिसेंबर ते 29 जानेवारी हा कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ, पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांनी भरघोस बर्फ देतो, पण अलीकडे काही वर्षी तो उशिरा पडला, त्यामुळे फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा निवडणे मला अधिक भरवशाचे वाटते. सकाळी उतार कडक आणि निसरडा असतो, अकराच्या सुमारास ऊन लागून तो मऊ होतो आणि शिकायला सर्वांत चांगला वेळ तोच. दुपारनंतर पाय थकतात आणि बऱ्याचशा दुखापती त्या ‘आणखी एकदाच’ म्हणून मारलेल्या फेरीत होतात, तेव्हा ती फेरी सोडून द्यावी.

जाण्याआधी सहा आठवडे तरी रोज बैठका काढाव्यात आणि भिंतीला पाठ टेकवून, खुर्चीत बसल्यासारखे, मांड्या थरथरेपर्यंत बसावे. स्कीवर दिवसभर याच मांड्या काम करतात. फेब्रुवारीला जायचे असेल, तर त्या बैठका डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातच सुरू व्हायला हव्यात. नमस्कार.