संख्या ठेवायची कुठे?

संगणकाच्या इतिहासावर बोलायला उभं राहिलं की एक प्रश्न हमखास येतो: जगातला पहिला संगणक कोणता? मला तो प्रश्न फारसा भावत नाही. बर्लिनमध्ये कोनराड त्सुझे यांचं झेड-३ यंत्र १९४१ मध्ये चाललं. आयोवात अटानासॉफ आणि बेरी यांनी त्याच सुमारास आपलं यंत्र जुळवलं. ब्लेचली पार्क या इंग्लंडमधल्या गुप्तसंदेश उलगडणाऱ्या केंद्रातलं कोलोसस १९४४ मध्ये कामाला लागलं. व्याख्या जराशी सरकवली की मान एकाकडून दुसऱ्याकडे जातो. अमेरिकेत या श्रेयावरून कोर्टकचेरीसुद्धा झाली. ती वकिलांना लखलाभ. मला आज वेगळाच प्रश्न घ्यायचा आहे. हिशेब चालू असताना संख्या ठेवायची कुठे?

हा प्रश्न चार्ल्स बॅबेज यांनी १८३० च्या दशकातच ओळखला होता. त्यांच्या ॲनालिटिकल एंजिनाच्या आराखड्यात आकडेमोड करणारा भाग वेगळा आणि संख्या साठवणारा भाग वेगळा आहे. साठवणीचा भाग म्हणजे दातेरी चाकांच्या उभ्या चळती. त्यात हजारभर संख्या मावाव्यात असा बेत होता. यंत्र काही पूर्ण झालं नाही. पण कामाची जागा आणि साठवणीची जागा वेगळी हवी, हे त्यांनी वीज हाताशी नसताना कागदावर मांडलं.

आता एकदम फिलाडेल्फियाला येऊ. फेब्रुवारी १९४६ मध्ये तिथे एनिॲक हे संगणक-यंत्र जगापुढे आलं. सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब (विजेचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या काचेच्या नळ्या), ३० टन वजन, सेकंदाला ५,००० बेरजा. वर्तमानपत्रांना एवढं पुरेसं होतं. पण या अजस्र यंत्राच्या लक्षात किती राहायचं? दहा आकडी संख्या, त्याही फक्त वीस! एकेका संख्येसाठी साडेपाचशेच्या आसपास ट्यूब खर्ची पडत. त्यात नवं गणित घालायचं तर तारा उपसून पुन्हा जोडायच्या, बटणं फिरवायची. सहा तरुणींनी हे काम अंगावर घेतलं होतं आणि त्यांची नावं पुढची कित्येक वर्षं कोणी घेतली नाहीत. गणित क्षणात सुटे, मांडणीला मात्र दिवसच्या दिवस जात.

यावर तोड एकच होती. आज्ञासुद्धा आकड्यांतच लिहायच्या आणि संख्यांशेजारीच साठवायच्या. जून १९४५ मध्ये गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांच्या नावानं या कल्पनेचं टिपण फिरू लागलं. त्यावर एनिॲक घडवणाऱ्या एकर्ट आणि मॉकली यांची नावं नव्हती. ते दोघे दुखावले, आणि माझ्या मते त्यांचं दुखणं रास्त होतं. मात्र कल्पना कोणाचीही असो, ती उतरवायला मोठी आणि स्वस्त मेमरी लागणार होती. तीच कोणाकडे नव्हती.

एकर्ट यांनी रडारच्या कामातली एक युक्ती उचलली. पाऱ्यानं भरलेली दीडेक मीटरची नळी घ्यायची. एका टोकाचा स्फटिक विजेच्या स्पंदानं थरथरतो, तो ध्वनी पाऱ्यातून दुसऱ्या टोकाला पोचायला सुमारे एक मिलिसेकंद घेतो. तिथे त्याची पुन्हा वीज करायची, ठाकठीक करायची आणि पहिल्या टोकाला परत सोडायची. पाढा विसरू नये म्हणून पोर तो सतत घोकत राहतं, तसंच हे. एका नळीत शेकडो बिट, म्हणजे ० किंवा १ असे एकेक अंक, असे फिरत राहत. अडचण अशी की हवी ती संख्या टोकाशी येईपर्यंत थांबावं लागे, आणि तापमान हललं की ध्वनीचा वेग बदलून सगळा ताल बिघडे. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी तर पाऱ्याऐवजी जिन ही दारू वापरा असं सुचवलं होतं. त्यातलं पाणी आणि अल्कोहोलचं प्रमाण तापमानाच्या दृष्टीनं सोयीचं पडतं म्हणे! तरीही पाऱ्याच्याच जोरावर केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स यांचं एडसॅक हे संगणक-यंत्र ६ मे १९४९ रोजी चालू झालं.

मँचेस्टरमध्ये फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी वेगळी वाट धरली. टीव्हीच्या पडद्यासारख्या ट्यूबवर इलेक्ट्रॉनचा झोत मारला की त्या ठिकाणी विद्युतभार साचतो, तोच बिट. तो निमिषात ओसरतो, म्हणून ओसरण्याआधी वाचायचा आणि पुन्हा लिहायचा, अखंड. ही मेमरी खऱ्या कामात टिकते का, हे तपासायला त्यांनी एक छोटा संगणक बांधला. मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत आवडते: साठवलेला प्रोग्राम चालवणारा पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक मुळात मेमरीच्या चाचणीसाठी जन्मला. त्याला ‘बेबी’ म्हणत. २१ जून १९४८ रोजी त्यानं २६२१४४ या संख्येचा, ती संख्या सोडून, सर्वांत मोठा विभाजक शोधला. सतरा आज्ञा, ५२ मिनिटं, उत्तर १३१०७२. कागदावर आपण ते एका ओळीत काढू, पण यंत्रानं तेवढ्या वेळात सुमारे ३५ लाख क्रिया न चुकता केल्या होत्या आणि पाहायचं तेच होतं.

या ट्यूब लहरी होत्या. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या व्हर्लविंड यंत्रातही पडद्यावर साठवणाऱ्या ट्यूब होत्या आणि त्या ट्यूबांनी अभियंते जे फॉरेस्टर यांना पुरतं जेरीस आणलं. फॉरेस्टर यांनी १९५३ मध्ये चुंबकीय कड्यांची मेमरी बसवली. बारीक कडी, त्यांतून ओवलेल्या तारा, प्रत्येक कडीत एक बिट. ओवण्याचं काम बहुतेक बायका हातानं करत. पुढची जवळजवळ दोन दशकं संगणक या कड्यांवर चालले. ट्यूबची जागा घेणारा छोटा ट्रान्झिस्टर आला, यंत्रं लहान झाली, ती कथा सगळ्यांना ठाऊक आहे.

१९७० मध्ये इंटेलची ११०३ ही चिप आली आणि कडी मागे पडू लागली. तिची क्षमता १०२४ बिट, म्हणजे बेबीच्या मेमरीएवढीच. रीतही तीच: भार ओसरतो, म्हणून तो सतत नव्यानं भरायचा. आपल्या फोनमधली मेमरीसुद्धा दर सेकंदाला कितीतरी वेळा हेच करते. वीज गेली की तिच्यातलं सारं पुसलं जातं. कड्यांच्या मेमरीत तसं होत नसे. हा गुण आपण आकारासाठी आणि किमतीसाठी सोडून दिला.