शियाओहे : वाळवंटाने राखलेली माणसे

श्रोतेहो, चीनच्या शिंच्यांग प्रांतात, तारिम खोऱ्याच्या पूर्व टोकाला, लोप नावाचे वाळवंट आहे. १९३४ साली ओर्डेक नावाच्या स्थानिक शिकाऱ्याने वाट दाखवली आणि स्वीडिश पुरातत्त्वज्ञ फोल्के बर्गमन तेथील एका वाळूच्या टेकाडापाशी पोहोचले. टेकाडावर पॉप्लरच्या लाकडाचे खांब दाटीने उभे होते आणि त्यांच्या तळाशी शवपेट्या होत्या. जवळून वाहणाऱ्या प्रवाहाला बर्गमन यांनी ‘लहान नदी’ म्हटले. शियाओहे या चिनी नावाचा अर्थही तोच. त्यानंतर ही जागा दशकानुदशके विस्मरणात गेली. २००० साली ती पुन्हा सापडली आणि २००२ ते २००५ या काळात चिनी पुरातत्त्वज्ञांनी तेथे १६७ थडगी उकरली. सुमारे चार हजार ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ही दफनभूमी आहे.

शवपेट्यांतले मृतदेह इतकी वर्षे टिकून होते, पण त्यांच्यावर इजिप्तप्रमाणे कोणतीही प्रक्रिया केलेली नव्हती. पाऊस जवळजवळ नाही, जमीन खारी आणि हवा कमालीची कोरडी, त्यामुळे देह कुजण्याआधीच सुकला. त्यात शवपेटीच्या रचनेचीही मदत झाली असावी. दोन वक्र फळ्या जोडून केलेली ही पेटी उलट्या होडीसारखी दिसते. तिला तळ नसतो, आणि वरून गुराचे ताजे कातडे ताणून बसवलेले असे. कातडे वाळताना आकसत गेले, पेटीला घट्ट आवळून बसले आणि वाळूला आत शिरायला वाव उरला नाही. म्हणूनच पापण्यांचे केससुद्धा टिकले. डोक्यावर पीस खोवलेली नमद्याची टोपी, अंगाभोवती लोकरीचे वस्त्र, पायांत चामड्याचे बूट, शेजारी एफेड्रा नावाच्या झुडपाच्या काड्या आणि गहू, असे सारे जागच्या जागी होते. काही थडग्यांत तर देहाऐवजी लाकडाची माणसाकृतीच पुरलेली आढळली. ज्याचा देह हाती लागला नाही, त्यालाही रीतसर निरोप द्यायचा, अशी त्यामागची भावना असावी, असे मला वाटते.

या माणसांचे उंच नाक आणि फिकट केस पाहून, ती पश्चिमेकडून स्थलांतर करून आली असावीत, असा कयास अनेक वर्षे बांधला जात होता. २०२१ साली तारिम खोऱ्यातील तेरा व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि हा कयास ढासळला. ही माणसे हिमयुगात उत्तर युरेशियात पसरलेल्या एका प्राचीन समूहाची वारसदार होती. शेजारच्या लोकांशी त्यांचा रक्तसंबंध दीर्घकाळ जुळलेलाच नव्हता. चेहऱ्यावरून कूळ ठरवण्याची घाई अभ्यासकांनाही किती चकवते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

मात्र रक्ताने अलिप्त असलेला हा समाज व्यवहाराने मुळीच अलिप्त नव्हता. त्यांचा गहू पश्चिमेकडचा, बाजरीवर्गातील धान्य पूर्वेकडचे आणि गुरेढोरेही मूळची बाहेरचीच. काही मृतांच्या गळ्याभोवती आणि छातीवर पिवळसर तुकडे ठेवलेले होते. २०१४ साली त्यांतील प्रथिने तपासली गेली, तेव्हा ते केफिरपासून केलेले चीज असल्याचे दिसून आले. केफिरचे दाणे म्हणजे जिवाणू आणि यीस्ट एकत्र नांदणारे एक प्रकारचे विरजणच. दूध पचवण्याची जनुकीय क्षमता या लोकांत नव्हती, तरी त्यांच्या दातांवरच्या किटणात दुधाची प्रथिने सापडली. आंबवल्याने दुधातील लॅक्टोज, म्हणजे अशा लोकांना न पचणारी साखर, कमी होते, हे पाहता दोन्ही गोष्टींचा मेळ सहज बसतो. पुढे २०२४ साली त्याच चीजमधून जिवाणूंचा डीएनए मिळवण्यात आला. त्यात गायीचे आणि शेळीचे दूध वेगवेगळे वापरल्याचे आढळले. शिवाय तो जिवाणू आज तिबेटकडे आढळणाऱ्या केफिरच्या जिवाणूंच्या जवळचा निघाला.