संथ इंटरनेट आणि संथ केलेले इंटरनेट

बडोद्याच्या दांडिया बाजारातील एका माडीवर संध्याकाळी गाण्याची शिकवणी चालते. बाईंसमोर पेटी, पेटीला टेकवून ठेवलेला मोबाइल आणि मोबाइलच्या पडद्यावर पुण्यातील विद्यार्थिनी. बाईंचा षड्ज तिच्यापर्यंत पोहोचून तिचा सूर परत येईपर्यंत किंचित वेळ जातो. म्हणून दोघी एकत्र गात नाहीत, बाईंनी ओळ सांगायची आणि तिने मागून म्हणायची, असा रिवाज पडला आहे.

हा विलंब अंतराचा आणि जाळ्यावरील गर्दीचा आहे; त्यावर नियमांचा इलाज नाही. कंपनीने ठरवून केलेला विलंब किंवा लावलेला जादा दर ही गोष्ट निराळी. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळे दर जाहीर केले आणि टीका होताच काही दिवसांत मागे घेतले. पुढच्या वर्षी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, मते मागवली, तेव्हा लाखो ई-मेल आले. निवडक संकेतस्थळे मोफत देणारी फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजनाही तेव्हाच वादात सापडली. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला नाही म्हणणे सोपे नसते. तरीही ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकूर पाहून दर बदलण्यास मनाई केली. दंड दिवसाला ५०,००० रुपये, कमाल ५० लाख. बड्या कंपन्यांना तो जड जाण्यासारखा नाही.

दरांनंतर प्रश्न वेगाचा होता. ट्रायच्या नोव्हेंबर २०१७ च्या शिफारशी सरकारने जुलै २०१८ मध्ये मान्य केल्या: सेवा पुरवठादाराने मजकूर अडवू नये, त्याचा वेग मुद्दाम कमी करू नये आणि कोणालाही झुकते माप देऊ नये. गर्दीच्या वेळचे वाजवी नियोजन, आणीबाणीच्या सेवा आणि न्यायालयाचे किंवा सरकारचे आदेश यांना मात्र सवलत आहे.

आणखी एक वाट या चौकटीबाहेर राहिली. मोठ्या कंपन्या आपल्या मजकुराच्या प्रती ग्राहकांजवळच्या सर्व्हरवर साठवतात, त्यामुळे त्यांचे व्हिडिओ लवकर उघडतात. यात कोणाची वाट अडवली जात नाही हे खरे; पण हा खर्च बाईंच्या आवाक्यातला नाही, आणि थेट चालणाऱ्या शिकवणीची प्रत आधी साठवताही येत नाही.

आवाज तुटला तर तो गर्दीमुळे की कोणी मुद्दाम तोडला, हे माडीवर बसून कळत नाही. म्हणूनच सप्टेंबर २०२० मध्ये ट्रायने देखरेखीसाठी एक मंडळ सुचवले, ज्यात सेवा पुरवठादारांबरोबर संशोधक आणि नागरी संघटनांनाही स्थान असावे, अशी शिफारस होती.