जायफळ: चिमूट आणि चमचा

सहाणेवर पाण्याचे चार थेंब आणि त्यात फिरणारं जायफळ. मूळ इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं हे झाड आता कोकणात नारळी-पोफळीच्या सावलीत वाढतं. फळ उकललं की लालभडक जायपत्री दिसते, तिच्याखाली टणक कवच. कवचात बी खुळखुळलं की समजावं, वाळलं. पावसाळी हवेत ते अर्धवट वाळलं तर बुरशी धरते. किडकं, कुबट वासाचं जायफळ उगाळूच नये.

झोपेसाठी मोठ्या माणसाला कोमट दुधात चिमूटभर पूड पुरते, म्हणजे साधारण पाव ग्रॅम. आयुर्वेदातली चूर्णाची मात्रा अर्धा ते १ ग्रॅम आहे. डोकं दुखलं की कपाळावर लेप देतात, सांधेदुखीला तिळाच्या तेलातून चोळतात. वेदनाशमनाचे पुरावे मात्र बहुतेक प्राण्यांवरच्या प्रयोगांतले आहेत.

जायफळ फसवतं ते वेळेत. जास्त प्रमाणात पोटात गेलेल्या जायफळातल्या मिरिस्टिसिनसारख्या द्रव्यांचा परिणाम जाणवायला ३ ते ६ तास लागू शकतात. तासाभरात झोप आली नाही म्हणून माणूस चिमटीवरून चमच्यावर जातो. सपाट चहाचा चमचा भरतो २ ग्रॅमच्या आसपास, अख्खं जायफळ ५ ग्रॅमच्या. विषबाधेच्या नोंदी साधारण ५ ग्रॅमपासून आहेत: तोंड कोरडं, मळमळ, छातीत धडधड, भ्रम, आणि हे दिवसभर, कधी त्याहूनही जास्त वेळ चालतं. झोपेच्या किंवा नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील, दारू घेतली असेल किंवा गर्भारपण असेल, तर औषध म्हणून जायफळ नकोच.

आणि बाळगुटी. 'दोन वेढे' हे माप नव्हे. हात किती दाबला, सहाण किती खरखरीत, यावर दर वेळी मात्रा बदलते, आणि समोर असतं ३-४ किलोचं बाळ. गुंगीत बाळ अंगावर कमी पितं, लघवी कमी होते, कावीळ असेल तर वाढते. ते शांत झोपलंय असं घरच्यांना वाटतं, आणि रडण्याचं खरं कारण, भूक, कानदुखी, ताप, झाकलं जातं. पहिले ६ महिने फक्त आईचं दूध. जायफळाचा एक वेढाही नाही.

कुणी जास्त खाल्लं असेल तर ओकारी काढायला लावू नका. यावर उतारा नाही, उपचार लक्षणांवरच होतात. १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना दोन गोष्टी नेमक्या सांगा: किती खाल्लं आणि किती वाजता.