गळ्यातून होणारं संशोधन

श्रोतेहो, नमस्कार.

संगीतात पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींना विषय विचारला की बहुधा ऐकू येतं : अमक्या घराण्याचा तौलनिक अभ्यास, तमक्या कलावंताचं योगदान. मेहनत प्रामाणिक असते. पण वर्षानुवर्षं घासूनपुसून तयार केलेला गळा त्या प्रबंधात कुठे कामीच येत नाही, याची मला फार रुखरुख लागते.

युरोपातल्या अनेक संगीतसंस्था आता स्वतःचं गाणं-वाजवणं हीच संशोधनाची रीत मानतात. फिनलंडच्या सिबेलियस अकादमीत मैफलींची मालिका आणि जोडीला लेखन, यावर डॉक्टरेट मिळते. माळव्याला याचं नवल वाटायला नको. पं. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाच्या आजारपणात देवासला आले, म्हणजे आपल्या इंदूरच्या शेजारीच. गाणं बंद होतं, पण कान जागे होते. माळवी लोकगीतं त्यांनी ऐकली, त्यांची स्वरलिपी केली, मोजक्या सुरांच्या धुनेत रागाचं बीज शोधलं. मालवती, लगनगंधार, संजारी हे धुनउगम राग त्यातूनच आले.

आणि आपले उस्ताद अमीर खाँसाहेब! मेरुखंडाची, म्हणजे ठरावीक सुरांचे शक्य तितके सगळे क्रम गाण्याची, तालीम त्यांना वडिलांकडून, शाहमीर खाँ यांच्याकडून मिळाली. चार सुरांचे क्रम होतात २४, सातांचे ५०४०. एवढं गणित कागदावर कुणीही करील. आता मारवा रागातले नि, कोमल रे, ग आणि ध घ्या आणि ते २४ क्रम विलंबित लयीत गाऊन पाहा. रे आणि ध यांवर ठेहराव असेल तोवर मारवा उभा असतो. गंधार-निषादावर जरा रेंगाळलात की पूरिया डोकावू लागतो. सूर तेच, राग दुसरा. नेमक्या कोणत्या क्रमात, किती थांबल्यावर तो पालटतो? ग्रंथालयात याचं उत्तर मिळायचं नाही. तंबोरे जुळवून बसावंच लागेल.

माझ्या मते हा पीएच.डी.चा अस्सल विषय आहे.

अर्थात रोजचा रियाज म्हणजे संशोधन नव्हे. आधी प्रश्न हवा. मग प्रत्येक बैठकीचं ध्वनिमुद्रण, फसलेल्या जागांसकट, आणि एखादी वाट का सोडली याची त्याच दिवशी केलेली नोंद. 'गायलात छान, पण सिद्ध काय केलंत?' असं परीक्षक विचारतात, आणि त्यांनी ते विचारलंच पाहिजे. मुद्रणं समोर असली तर ते स्वतः ऐकून पडताळू शकतात, हुज्जतही घालू शकतात. नुसत्या शब्दांत मांडलेल्या रागाशी हुज्जत तरी कशी घालणार?

इंदूरच्या संगीत विभागांतल्या गुरुजनांना माझी कळकळीची विनंती आहे. मौखिक परीक्षेत तासभर गाणं ठेवा, आणि प्रबंधाबरोबर ही सगळी मुद्रणंही ग्रंथालयात जमा करून घ्या. पुढच्या वर्षी मारवा घेऊन येणाऱ्या मुलीला मग पहिल्या क्रमापासून सुरुवात करावी लागणार नाही.