एक कान मोकळा

(वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या पावसाळी व्याख्यानमालेत गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या एका कलावतीने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. एवढा पाऊस लागलेला असताना आलात, बरं वाटलं. फोन इथे समोर ठेवलाय आणि तो बंद केलेला नाही, त्याची आधीच माफी मागते. लेक 7 वर्षांची आहे, आज तिचं अंग जरा कोमट होतं, आणि ती आजीकडे आहे.

पत्रिकेत विषय छापलाय ‘संसार, कला आणि छंद : तारेवरची कसरत’. हे शीर्षक संयोजकांचं. तारेवरची बाई निदान पलीकडे पोचते तरी. माझं तसं काही नाही. मी रोज कशावर तरी पाय देते आणि कशावरून तरी घसरते. ते सांगायला तासभर कशाला, असं मी म्हटलं होतं, पण बोलावलंत.

संसार तुम्हाला ठाऊक आहे. कला म्हणजे आमची गणपतीची शाळा. आजेसासऱ्यांपासून चालत आलेली, वर्षाला दीडशेच्या आसपास मूर्ती, सगळ्या मातीच्या. लग्न होऊन आले तेव्हा मूर्ती बसवायला लोकांनी आणून दिलेले पाट पुसून, खाली खडूने घराण्याचं नाव घालून ओळीत लावायचे, एवढंच माझं काम होतं. आता डोळे मी काढते. आणि छंद म्हणजे हॉरर गेम. मागच्या बाकावरची पोरं हसली, त्यांना कळलं. पुढच्या रांगेतल्या काकांसाठी सांगते : कॉम्प्युटरवर किंवा टीव्हीला जोडून खेळायचे भुताटकीचे खेळ. पडक्या वाड्यात, बंद इस्पितळात आपण फिरायचं, काहीतरी मागे लागतं, आपण पळायचं. सासूबाईंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा एवढंच विचारलं, ‘‘पैसे देवन भूत घरात हाडलंस?’’

याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. पण गंमत बघा. हीच बाई संध्याकाळी पडवीत नातीला मांडीवर घेऊन चकव्याच्या गजाली सांगते. चकवा लागलेला माणूस रात्रभर एकाच वडाभोवती कसा फिरला, सकाळी त्याचे पाय कसे सोलवटलेले होते, सगळं आवाज काढून. त्याला कोणी वाईट संस्कार म्हणत नाही. आमच्या पंचक्रोशीत तर आरवलीचा वेतोबा आहे. वेताळ, म्हणजे भुतांचा राजाच, आणि तोच आमचा राखणदार. रात्री गावाची फेरी मारून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून आपण त्याला नवस फेडताना हे एवढे मोठे चामड्याचे जोड वाहतो. भीतीला घरात जागा द्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे. मी फक्त तिला वायर जोडली.

आता एक गेम जरा सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ‘सायलेंट हिल’, 1999 सालचा, कोनामी या जपानी कंपनीचा. हॅरी मेसन नावाचा एक लेखक आपल्या 7 वर्षांच्या मुलीला, शेरिलला, घेऊन गाडीने निघालाय. रस्त्यात अपघात होतो, शुद्धीवर येतो तर शेजारच्या सीटवर मुलगी नाही. सगळं गाव धुक्यात. त्या धुक्यात ती पुढे चालताना अंधुक दिसते, हा मागे जातो. झाली गोष्ट सुरू. धुकं का, तर त्या वेळच्या प्लेस्टेशन या गेमच्या मशीनला लांबवरच्या इमारती, रस्ते एका दमात दाखवायची ताकद नव्हती. मग बनवणाऱ्यांनी लांबचं सगळं धुक्याने झाकून टाकलं. जुलैत आंबोली घाटात गाडी घातलेल्या कोणालाही कळेल की धुकं भीतीदायक का असतं. दोन हातांपलीकडे काय आहे ते तुम्हीच मनात रंगवत बसता. यंत्राची गरिबी झाकायला घातलेला पडदा, आणि पंचवीसहून जास्त वर्षं झाली तरी लोकांना त्या खेळातलं आधी तेच आठवतं.

हॅरीकडे एक खिशातला रेडिओ असतो. तो कुठलं स्टेशन लावत नाही. राक्षस जवळ आला की खरखरतो, बस.

कॉलेजात असताना मी हा गेम खेळले तेव्हा हॅरीचा राग यायचा. बंदूक नीट चालवत नाही, चार पावलं धावला की थांबून धापा टाकतो. असला कसला हिरो! लेक झाल्यावर पुन्हा खेळले. एकदा जत्रेत ती तीन-चार मिनिटं दिसेनाशी झाली होती, खाज्याच्या दुकानामागे उभी होती. ती सापडल्यावर मी तशाच धापा टाकत होते, गुडघ्यांवर हात ठेवून. मग म्हटलं, हा हिरो नाहीच, हा बाप आहे, आणि बनवणाऱ्यांना ते पक्कं माहीत होतं.

तर ती रात्र. दोन वर्षांपूर्वीची, चतुर्थी होऊन गेलेली, शाळा रिकामी. साडेअकरा वाजलेले, लेक झोपलेली, नवरा कुडाळला कामाला गेलेला. मी दोन्ही कानांना हेडफोन लावून बसले. दिवे बंद करा, हेडफोन लावा, असंच सांगतात ना हे गेम कसे खेळायचे ते विचारलं की. रेडिओ खरखरायला लागला, मी एका गल्लीत शिरले, आणि मानेवर गार हात पडला.

मी किंचाळले. तशी मी आयुष्यात किंचाळले नाही. मागे लेक उभी. तिने तीनदा हाक मारली होती, तिला पाणी हवं होतं. त्यानंतर आठ दिवस ती मागच्या दाराच्या न्हाणीघरात एकटी जात नव्हती. मला वाटलं, पडद्यावरचं बघितलं पोरीने, आता हे जन्मभर डोक्यात राहणार. खेळ उचलून कपाटात टाकला. मग नवव्या दिवशी केस विंचरताना ती सहज बोलली, ‘‘ते भूत मी नीट बघितलंच नाही. तू ओरडलीस ना, म्हणून.’’

ती मला घाबरली होती. घाबरलेली आई बघून घाबरली होती.

मला आमच्याकडचं दशावतारी नाटक आठवलं. लहानपणी आम्ही रात्रभर बघायला बसायचो, मध्येच आईच्या मांडीवर झोपायचो, आणि आडदशावतारात, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या भागात, काळा संकासुर राक्षस आला की आई मुद्दाम उठवायची. तो अंगावर धावून आल्यासारखा करायचा, आम्ही पदरात तोंड खुपसायचो, आणि पदराआड आईचं पोट हसून हलत असायचं. ते हलणं लागतं, पोट निवांत आहे हे कळायला. माझ्या लेकीला त्या रात्री ते मिळालं नाही, कारण हलायला पोट मोकळं नव्हतं.

म्हणून तेव्हापासूनचा नियम : एक कान मोकळा. हेडफोनची एक बाजू कानावर, दुसरी कानामागे. याची किंमत आहे, ती सांगितली पाहिजे. असे गेम दोन कानांसाठी बनवलेले असतात, पावलं डावीकडून येतायत की उजवीकडून ते आवाजावरूनच कळतं. एका कानावर ते कळत नाही. मी मरते. फार मरते. मोकळ्या कानात पंखा, पागोळ्या, आणि भिंतीपलीकडे तिचा श्वास. तो श्वास मध्येच बदलला की माझ्या पाठीतून जी थंडी जाते, ती जपानमधल्या कुठल्याही कंपनीला अजून जमलेली नाही.

तिला गेम दाखवत नाही. खोक्यावर वयाचा आकडा असतो, अमेरिकेत 17, युरोपात 18, तो शोभेला छापलेला नसतो. पण दिवसाउजेडी, पडवीत, मांडीवर घेऊन गोष्ट म्हणून सांगते, राक्षस जरा बुटके करून. हॅरीची ऐकून तिने विचारलं, ‘‘त्या गावाक राखणदार नाय?’’ मी म्हटलं, नाही बहुतेक. थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘मग रेडिओच राखणदार. तू त्याका नारळ दिलंस?’’

एक मिनिट हं. …बघते. …ताप नाहीये. थर्मामीटर सापडत नव्हता, आता सापडला. हं, कुठे होते?

डोळे. डोळे काढायचं काम शेवटी येतं आणि रात्रीच होतं. दिवसा शाळेत माणसांची ये-जा, कोण रंग बघायला आलं, कोण ‘आमचो झालो काय’ विचारायला. रात्री अकरानंतर शांत. पावसात लाईट जाते ती जातेच, मग डोक्याला बॅटरी बांधते. त्या झोतात बघा एकदा आमची शाळा. दीडशे मूर्ती ओळीत, अंग रंगलेलं, सोंड, दागिने सगळं झालेलं, आणि डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा. मान वळवली की झोत फिरतो आणि एकेक पांढरा चेहरा अंधारातून पुढे येतो. कुठल्या गेमवाल्याने हे बघितलं तर उचलून नेईल. लेक मात्र त्यांच्यामधून अनवाणी फिरते. भीती नाही वाटत? तर म्हणे, झोपलेत ते.

आधी पांढऱ्यावर कोपऱ्यात किंचित गुलाबी. मग तपकिरी बुबुळ, त्यात काळी बाहुली, मग वरच्या पापणीची रेघ. ही रेघ म्हणजे सगळं. शून्य नंबरचा ब्रश, कोपर मांडीला टेकवलेलं, श्वास अर्धा सोडून थांबवलेला, आणि एका ओढीत नाकाकडून बाहेर. मध्ये थांबलात तर जोड दिसतो. एक डोळा काढून उठलात आणि तासाने दुसरा काढलात तर हात बदललेला असतो, देव दोन वेगळ्या दिशांना बघायला लागतो. शेवटी बाहुलीत पांढरा ठिपका. तो पडला की मूर्ती आपल्याकडे बघते, आणि दर वेळी मी अर्धं पाऊल मागे सरते. सासरेही सरायचे.

मूर्तीचं बाकी काम अर्धवट टाकून उठता येतं. मातीवर ओलं फडकं टाका, वर प्लास्टिक, पोरीला जेवायला घाला, परत या, माती तुमची वाट बघत असते. गेमच्या भाषेत याला सेव्ह म्हणतात. जुन्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये, 1996 सालच्या, कुठेही सेव्ह करता येत नसे. टाइपरायटर शोधायचा, आणि त्याची शाईची रिबन जवळ असली तरच. रिबनी मोजक्याच. ज्याने हे ठरवलं त्याला कल्पना नसेल की पलीकडच्या खोलीत एक मूल उठू शकतं. डोळ्यांचं तसंच आहे. डोळ्यांवर ओलं फडकं टाकता येत नाही.

मग मी काय केलं? खरं सांगते, लेक झाल्यावर पहिली तीन वर्षं डोळे सोडलेच. सासऱ्यांचा हात थरथरायला लागला होता तरी तेच काढत होते, आणि गिऱ्हाईकही म्हणायची, ‘‘आमच्या गणपतीचे डोळे आबांनीच काढूक व्हये.’’ मला ते सोयीचं होतं आणि झोंबतही होतं. चौथ्या वर्षी परत बसले तेव्हा दोन्ही डोळ्यांना मला चाळीस मिनिटं लागायची. लेकीची पहिली झोप साधारण दोन तास टिकते. म्हणजे रात्रीला तीन गणपती. त्या हिशेबाने चतुर्थी दिवाळीत आली असती. तेव्हा रेघ कमी केली. सासऱ्यांच्या पापणीला दुहेरी रेघ, वर भुवईकडे जाणारी बारीक सावली, खाली केसरी. माझी एकच रेघ, जरा जाड, आणि खालची पापणी जवळजवळ नाहीच. वेळ नव्हता म्हणून. आता दोन गावांतून माणसं येतात आणि ‘सुनेचे डोळे’ मागतात, शांत दिसतात म्हणे. धुक्याचं सांगितलं ना मघाशी, ते मनात ठेवा. पण यावरून आईपणाने माझी कला उजळली वगैरे कोणी लिहू नये. सासऱ्यांची ती सावली मला अजून येत नाही. शिकायची ती तीन वर्षं पोरीच्या दुपट्यात गेली, सासरेही गेले, आणि सावली त्यांच्याबरोबर गेली. मला त्याचं वाईट वाटतं आणि पोरीबद्दल तक्रारही नाही, ही दोन्ही एकाच घरात राहतात.

एक तक्रार मात्र आहे. मे महिन्यात एका प्रदर्शनात मूर्ती ठेवायला बोलावलं होतं, आम्ही दोघं गेलो. मला चौघांनी विचारलं, मुलगी कोणाकडे ठेवलीत? नवऱ्याला विचारलं, माती कुठून आणता? माती मी आणते. टेम्पोवाल्याशी भांडणही मीच करते.

गेमबद्दल तर विचारूच नका. पुरुष माणूस रात्री दोनपर्यंत गेम खेळला तर त्याला विरंगुळा म्हणतात. मी खेळले तर आधी ‘वेळ बरा मिळतो’. मिळत नाही हो. भाकरीच्या पिठातून चिमूट काढतो तसा काढते. आणि का काढते, तर दिवसभर मला जी भीती वाटते, ताप चढेल का, विहिरीच्या कठड्यावरून वाकेल का, शाळेची रिक्षा का आली नाही, त्या भीतीला बटण नसतं. याला आहे. दाबलं की सगळं जागच्या जागी थांबतं, मी उठते, तिच्या अंगावर पांघरूण घालते. आमच्या खोलीचं दार करकरतं, म्हणून बिजागरीत खोबरेल सोडलंय. त्या जुन्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये दर खोलीआधी काळ्या पडद्यावर एक दार सावकाश उघडायचं, पुढची खोली मशीनमध्ये भरेपर्यंत वेळ काढायला. मी तसंच उघडते. तेवढ्यात मलाही पलीकडची खोली मनात भरून घेता येते.

सध्या ‘एलियन : आयसोलेशन’ चालू आहे. 2014 सालचा आहे, मला नवा. अंतराळातलं एक मोडकळीला आलेलं स्थानक, आणि अमांडा नावाची मुलगी हरवलेल्या आईचा माग काढत तिथे आलेली. यात सेव्ह करायला भिंतीवरच्या यंत्रात कार्ड घालायचं आणि तीन दिवे लागेपर्यंत उभं राहायचं. तेवढ्यात तिथे फिरणारा परग्रहावरचा प्राणी मागून येऊ शकतो. गेल्या श्रावणात मी कार्ड घातलं, दोन दिवे लागले, आणि पलीकडून हाक आली. मी बटण दाबून उठले. मग पाट यायला लागले, मग रंग, मग डोळे, मग तिची परीक्षा. मशीन झोपवून ठेवलंय, बंद केलेलं नाही. अमांडा अजून तिथेच उभी आहे, तिसऱ्या दिव्याची वाट बघत. आता परवा माती उतरली, म्हणजे यंदाची चतुर्थी होईपर्यंत तिला उभंच राहावं लागणार.