पहिल्या मिनिटातली हवा

(दृश्य: गडचिरोली जिल्हा. धानाच्या बांध्या, मागे जंगल.)

आईच्या पोटात बाळाच्या फुप्फुसांत हवा नसते, पाणी असतं. प्राणवायू येतो वारेतून, नाळेवाटे. जन्मल्याबरोबर ते पाणी हटून तिथे हवा शिरावी लागते. बहुतेक बाळं हे काम आपलं आपण करतात. टाहो फोडतात आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो.

काही बाळं मात्र रडत नाहीत. अंग लुळं, ओठ निळे. मग कुणी उलटं धरतं, कुणी चापट्या मारतं, कुणी वार शेकत बसतं. ‘मेलेलंच जन्मलं’ म्हणून बाजूला ठेवलेल्या बाळाचं काळीज कधीकधी अजून धडधडत असतं!

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून इथल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. शिक्षण पाचवी ते दहावी. नाव मिळालं आरोग्यदूत. बाळंतपण सुईणीने करायचं, बाळाकडे आरोग्यदूताने बघायचं. ही वाटणी फार शहाणपणाची होती. त्या घाईत आईपाशीही कुणीतरी लागतंच.

(दृश्य: प्रशिक्षण. बाहुली, कोरडं फडकं, अंबू बॅग म्हणजे हाताने दाबून मास्कमधून बाळाला हवा द्यायची पिशवी.)

आधी बाळ कोरडं पुसायचं, पाठ चोळायची. बऱ्याच बाळांना एवढंच पुरतं. तरी श्वास नाही? मग खांद्यांखाली फडक्याची घडी, मान किंचित मागे. मास्कखाली हनुवटी, तोंड आणि नाक; डोळे मात्र मोकळे. आता बॅग हलकेच दाबायची, मिनिटाला ४० ते ६० वेळा. नजर छातीवर. छाती उचलली, म्हणजे हवा पोहोचली. नाही उचलली, तर मान पुन्हा बघायची, मास्क पुन्हा बसवायचा. हे पहिल्या मिनिटातच सुरू व्हायला हवं. प्राणवायूच्या सिलिंडरसाठी थांबायचं नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवातीला साधी हवाच द्यायची असते.

आधी आरोग्यदूतांकडे बॅगही नव्हती. मास्कला जोडलेल्या नळीतून त्या स्वतः फुंकायच्या. बॅग आली १९९९ मध्ये. जन्मतः गंभीर गुदमरलेल्या १०० बाळांपैकी पूर्वी ३९ दगावत. या कामानंतर ते प्रमाण २० वर आलं.

आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात. तिथेही बॅग कुलपात नको, हाताशी हवी. मास्क तळहातावर घट्ट धरून ती दाबून बघायची. हाताला दाब जाणवला तर ठीक. हवा फुसकन निसटली तर दुसरी आणायची, कळा सुरू असतानाच.